वेगावर स्वार कोण?

॥ रामकृष्ण हरी ॥

कार्तिकी वारीत आळंदीच्या मुक्कामी आमच्या दिंडीतल्या एका तरुण माळकऱ्याने मला विचारले, “काका, गळ्यात तुळशीची माळ आणि दारात असली पळणारी गाडी, हे दोन्ही एकत्र चालतं का?” प्रश्न खोडसाळ नव्हता. त्याला स्वतःलाच गाडी घ्यायची होती, पैसे जमत आले होते आणि मन मागेपुढे होत होते. मी चटकन उत्तर देऊन मोकळा झालो, “अरे, देवाला गाडीचं काय वावडं? मन शुद्ध असलं म्हणजे झालं.” तो मान हलवून गेला. पण बोलता बोलताच माझे मला कळले, की हे उत्तर मी त्याला दिले नाही, स्वतःला दिले. कारण तो ज्या गाडीविषयी विचारत होता तशीच गाडी माझ्या दारात उभी आहे. मनाची शुद्धी इतकी स्वस्त असती तर संतांनी एवढे कष्ट कशाला घेतले असते? त्या मुलाला जे सांगायचे राहिले ते आता इथे सांगतो.

भोसरीला माझा लहानसा कारखाना आहे. लेथ आणि मिलिंगची कामे करतो. सत्तावीस वर्षे लोखंडाशी झटापट केली, तेव्हा कुठे घर उभे राहिले आणि मुलांची शिक्षणे झाली. वडील शेतकरी. त्यांनी एकतीस आषाढी वाऱ्या पायी केल्या आणि एकोणिसाव्या वर्षी माझ्या गळ्यात माळ घातली. अशा घरातला मी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, एका गाडीच्या प्रेमात पडलो.

गाडी फोक्सवॅगनची व्हर्टस, त्यातला जीटी प्रकार. २०२२ साली ती बाजारात आली आणि बनते ती आमच्या चाकणलाच. चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून मान वर केली की भामचंद्राचा डोंगर दिसतो. ज्या डोंगरावर तुकोबाराय एकांत शोधत गेले, त्याच्या परिसरात आज रात्रंदिवस गाड्या घडतात. यात मला विटंबना वाटत नाही. माझ्यासारख्या हजारो घरांच्या चुली त्या पट्ट्यावर पेटतात. पण हा योग विचार करायला लावणारा आहे, एवढे खरे.

या गाडीचे इंजिन दीड लिटरचे, म्हणजे फार मोठे नाही. पण त्याला टर्बो आहे. इंजिनात इंधन जळले की उरलेला तप्त धूर सायलेन्सरवाटे बाहेर जातो. टर्बोमध्ये त्या धुराच्या वाटेत एक लहान चक्र बसवलेले असते. धूर ते चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त म्हणून इंधन जास्त जळते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. ते चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. लोखंड कापण्यात जन्म गेलेल्या माणसाला त्या चक्राची, त्याच्या दांड्याची, त्या बारीक मापांची अपूर्वाई किती वाटते, हे दुसऱ्याला सांगून कळायचे नाही. जे वाया जात होते त्यातून शक्ती काढली, ही मला त्या माणसाच्या बुद्धीची केवढी तरी मोठी गोष्ट वाटते. आणि ती बुद्धी तरी कोणाची देणगी?

इथपर्यंत सगळे निर्मळ होते. कारागिराने कारागिरीवर लुब्ध व्हावे यात दोष नाही. नरहरी सोनार सोने घडवत होते, गोरोबाकाका मडकी घडवत होते, सावता महाराज मळा पिकवत होते. हातातल्या कामावर प्रेम न करणारा संत आमच्या परंपरेत शोधून सापडणार नाही. पण मी कारागिरीवर थांबलो नाही. शोरूममधल्या मुलाने सांगितले, “दीडशे पीएसची ताकद आहे काका, सिग्नल सुटला की पुढे कोणी राहणार नाही.” माझ्या मनात जी ऊब पसरली ती त्या चक्राच्या कौतुकाची नव्हती. ‘पुढे कोणी राहणार नाही’ या शब्दांची होती. त्या क्षणी वस्तू बाजूला राहिली आणि ‘मी’ पुढे झाला. हे मला तेव्हा कळले नाही.

गाडी रस्त्यावर येईपर्यंत वीस लाखांच्या वर गेली. त्यातले १० लाख कर्ज, मुदत सात वर्षांची, हप्ता महिना १६ हजारांच्या आसपास. हिशेब केला तर साडेतीन लाखांहून थोडे जास्त नुसते व्याज. सहीसाठी कागदांचा गठ्ठा पुढे आला तेव्हा मला देहूची आठवण झाली. तुकोबांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते इंद्रायणीत सोडून दिली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांनी दुसऱ्यांना ऋणातून मोकळे केले. आणि मी, गरज नसताना, स्वतःच्या हाताने स्वतःला बांधून घेत होतो. आठवण झाली खरी, पण सह्या केल्या.

आता प्रश्नाकडे येऊ. अशा वेळी आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे, की हा सगळा भोग आहे, माळकऱ्याने त्याला शिवू नये. हे उत्तर वरवर फार पवित्र दिसते, पण आपला संप्रदाय प्रपंच सोडून पळणाऱ्यांचा नाही. धन जोडूच नका असे तुकोबांनी सांगितले नाही. ते कोणत्या वाटेने जोडावे आणि कोणत्या मनाने वेचावे, हे सांगितले. शिवाय हे उत्तर देणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या खिशात गाडीच्या चाव्या नसतील, पण मनात दुसऱ्याच्या गाडीचा हिशेब असतो. वस्तू हातात नसणे निराळे आणि मनात नसणे निराळे.

दुसरे उत्तर मी त्या मुलाला दिले ते. देवाने दिले आहे, घ्या, वापरा, मन शुद्ध ठेवा. हे उत्तर फार सोयीचे आहे. त्यात मन शुद्ध आहे की नाही याची परीक्षा घेणारा आणि देणारा एकच, आणि त्यामुळे निकालही ठरलेलाच. मी दोन वर्षे याच उत्तरावर काढली. गाडी घेतली त्या दिवशी ती आळंदीला नेली, माउलींच्या दारी नारळ फोडला, बुक्का लावला आणि मनाला सांगितले की गाडी देवाची, मी फक्त चालवतो. मग माघ महिन्यात माझी परीक्षा झाली, आणि परीक्षक मी नव्हतो.

माघ शुद्ध दशमीचा दिवस. एकादशीला पंढरपुरात असावे म्हणून पहाटे एकटाच निघालो. फलटणच्या पुढे पालखी मार्ग आता रुंद झाला आहे. ज्या वाटेवर आपण माउलींच्या पालखीबरोबर पावले मोजत चालतो, तिथेच चार पदरी रस्ता मोकळा पडलेला. उजाडत होते. माळशिरस मागे पडले होते. पाय नकळत दाबला गेला. टर्बोच्या गाडीत पाय दाबल्यावर क्षणभर काही होत नाही, आणि मग पाठीला कोणीतरी मागून ढकलल्यासारखे होते. त्या ढकलण्याची चटक लागते. काटा १३०च्या पुढे गेला. गाडीत हरिपाठ लावलेला होता, हेही सांगितले पाहिजे.

वेळापूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने एक लहान दिंडी चालली होती. तीसेक माणसे, पुढे पताका, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या दोघी-तिघी. माघी वारीला निघालेली खेड्यातली माणसे. मी त्यांना पाहिले, अगदी पाहिले नाही असे नाही. पण मला वाटले, ते कडेला आहेत, मी मधल्या पदरात आहे, अंतर पुष्कळ आहे. त्यांच्या शेजारून गेलो आणि आरशात पाहिले तर पताका धरलेला एक म्हातारा खाली बसलेला दिसला.

गाडी थांबवून मागे पळत गेलो. धक्का लागला नव्हता. गाडीच्या वाऱ्याने पताका ओढली गेली, तोल जाऊन तो खाली बसला होता. तळहात खरचटला होता, धोतर धुळीने भरले होते. एक तरुण माझ्यावर संतापून ओरडू लागला आणि ते बरोबरच होते. म्हाताऱ्याने त्याला हाताने थांबवले. उठून उभा राहिला, माझ्या गळ्यातली माळ पाहिली, आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. “काय लागलं न्हाई, माउली,” तो म्हणाला, “दमानं जावा.”

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. लहान मोठ्याच्या, मोठा लहानाच्या. हजार वेळा पडलो असेन, हजार वेळा पडून घेतले असेल. पण त्या दिवशी त्याचा हात माझ्या उजव्या पायाला लागला. त्याच पायाला, ज्याने ॲक्सिलरेटर दाबला होता. ज्याला मी धुळीत बसवले त्याने त्या पायाची धूळ घेतली आणि मला माउली म्हटले. मला कोणी थोबाडीत मारली असती तर बरे वाटले असते.

मी खाली वाकलो, पण तोवर दिंडी पुढे निघाली होती.

पुढचे किलोमीटर मी चाळीसच्या वेगाने गेलो, आणि वाटभर एक हिशेब डोक्यात फिरत राहिला. हा हिशेब कोणत्याही कारखान्यातल्या माणसाला येतो. वेग दुप्पट झाला तर गाडीत साठलेली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ६०ने जाणाऱ्या गाडीपेक्षा १२०ने जाणारी गाडी चौपट जोराने आदळते आणि ब्रेक दाबल्यावर थांबायलाही साधारण चौपट अंतर घेते. ताशी १३०ला एका सेकंदात गाडी ३६ मीटर जाते. समोर काही दिसले आणि पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात अख्खी दिंडी ओलांडली जाते. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली; त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. नोव्हेंबर २०१९मध्ये दिवे घाटात आळंदीकडे निघालेल्या नामदेवरायांच्या दिंडीत अवजड यंत्र घुसले आणि वारकऱ्यांचे प्राण गेले, ते आपण विसरलेलो नाही. पायी चालणाऱ्यांचा आपला संप्रदाय. चालणाऱ्याला रस्त्यावर सर्वांत जास्त भय कोणाचे, तर माझ्यासारख्याचे. आणि तो मी, गळ्यात माळ घालून, हरिपाठ ऐकत जात होतो.

गोरोबाकाकांची कथा तेव्हा मला पहिल्यांदा वेगळ्या अंगाने दिसली. ते नामात दंग होऊन माती तुडवत होते आणि पायाखाली काय आले याचे भान राहिले नाही. कीर्तनात ही कथा आपण त्यांच्या तल्लीनतेसाठी ऐकतो. पण त्या तल्लीनतेची किंमतही कथा लपवत नाही. त्यांची तंद्री तरी विठ्ठलाची होती. माझी कशाची होती? कानात नाम होते, तंद्री मात्र पाठीला बसणाऱ्या त्या धक्क्याची होती. नाम नुसते वाजत असले म्हणजे झाले नाही, हे मला त्या रस्त्याने शिकवले.

मग वेगच वाईट का? पंढरपूरला पोचेपर्यंत मी असाच काहीतरी निष्कर्ष काढत होतो. पण चंद्रभागेच्या वाळवंटात बसलो आणि रिंगण आठवले.

आपल्या वारीत सगळेच काही सावकाश नसते. चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण होते, पुढे गोल रिंगणे होतात, आणि तिथे अश्व धावतात. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्या अश्वाच्या पाठीवर कोणीच बसत नाही. ती जागा माउलींची. तो अश्व सुटला की लाखो डोळे त्याच्याबरोबर धावतात. टाळ, मृदंग, जयघोष, सगळे टिपेला पोचते. तो निघून गेला की माणसे त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. मीही लावली आहे.

म्हणजे वेगाचा आनंद आपल्याला वर्ज्य नाही. आपल्या सोहळ्यातला सर्वांत उत्कट क्षण वेगाचाच आहे. मग त्या वेगात आणि माझ्या वेगात फरक कोणता? माझ्या ध्यानात दोन गोष्टी आल्या. एक, रिंगणाला कड असते. अश्व कुठून कुठवर धावणार हे आखलेले असते, आणि त्या कडेवर उभ्या असलेल्या माणसांना त्याचे भय नसते. दुसरी, त्या अश्वाच्या पाठीवर ‘मी’ बसलेला नसतो. ती पाठ रिकामी आहे म्हणून त्याच्या टापांची धूळ कपाळाला लावण्यासारखी. माझ्या गाडीत दीडशे घोड्यांची ताकद, आणि त्या सगळ्या घोड्यांवर एकटा मी मांड ठोकून बसलेला. म्हणून माझ्या चाकांची धूळ एका वारकऱ्याच्या धोतरावर पडली.

त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. गाडी कोणती, किती ताकदीची, हा प्रश्न दुय्यम आहे. त्या ताकदीवर स्वार कोण आहे, हा खरा प्रश्न. आणि ‘गाडी देवाची आहे’ असे म्हणून तो सुटत नाही. मी नारळ फोडून तसे म्हटलेच होते. गाडी देवाची केली आणि मांड आपलीच ठेवली, तर तो देवाच्या नावावर चाललेला आपलाच व्यवहार.

परत आल्यावर आमच्या दिंडीतल्या नानांना हे सगळे सांगितले. नाना वडिलांच्या बरोबरीचे, वीणेकरी. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “किती वेळात पोचलास?” म्हटले, “वाटेत थांबलो तरी सव्वाचार तासांत.” “आणि पायी किती दिवस लागतात?” “अठरा-वीस.” “मग एवढे दिवस वाचले की रे. त्यांचं काय केलंस?” मला उत्तर नव्हते. पंढरपुरातून मी दुसऱ्याच दिवशी निघालो होतो. वाचलेला वेळ कारखान्याच्या फोनांत आणि रात्री मोबाईल चाळण्यात गेला होता. नाना हसले, रागावले नाहीत. “वेळ वाचवणं वाईट न्हाई बाबा,” ते म्हणाले, “पण वाचवलेलं कुठंतरी ठेवलेलं दिसलं पाहिजे.”

नाथबाबांची कावड आठवा. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगा त्यांनी वाटेत तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओतली. त्यांना पोचायचे होते, पण थांबायचे कुठे हे त्यांना जास्त कळत होते. लवकर पोचणाऱ्या वाहनाची परीक्षा माझ्या मते हीच. ते कोणासाठी थांबते?

आता वाचक विचारतील, मग गाडी विकली का? नाही विकली. विकावी असे मनात आले होते. पण विकून मी काय केले असते? ‘मी गाडी सोडली’ हे चारचौघांत सांगत फिरलो असतो आणि तो ‘मी’ त्यागावर मांड ठोकून बसला असता. शिवाय हप्ते अजून चालू आहेत. केलेल्या सह्यांचे देणे फेडणे हाही धर्मच आहे.

मी एवढेच केले. कोणत्याही रस्त्यावर ८०च्या पुढे जायचे नाही, हे रिंगण स्वतःला आखून घेतले. पायी चालणारा दिसला, मग तो वारकरी असो की ऊसतोड मजूर की शाळेतले पोर, गाडी सायकलच्या चालीवर आणायची. आणि वद्य एकादशीला गाडीत एकटे बसून आळंदीला जायचे नाही. ज्यांचे गुडघे आता चालू देत नाहीत अशा गावातल्या तिघा-चौघांना बरोबर घ्यायचे. आषाढीला मात्र गाडी दारात आणि मी दिंडीत. ते अठरा-वीस दिवस वाचवायचे नाहीत.

या गाडीच्या इंजिनात एक सोय आहे. हलक्या चालीवर, जोराची गरज नसते तेव्हा, चार सिलिंडरपैकी दोन आपोआप काम थांबवतात. गरज पडली की पुन्हा जागे होतात. लोखंडाला जे शिकवता आले ते मला अजून पूर्ण शिकता आलेले नाही. मोकळा रस्ता दिसला की उजवा पाय आजही शिवशिवतो. ती चटक गेली असे मी म्हणणार नाही. म्हटले तर ते पुन्हा पहिल्यासारखेच स्वतःला दिलेले उत्तर होईल. मग ज्या ताकदीचा उपयोग करायचा नाही ती बाळगायची कशाला, असे कोणी विचारले तर मी निरुत्तर होतो. आज पुन्हा घ्यायची वेळ आली तर बहुधा घेणार नाही. पण जी घेतली आहे तिने रोज सकाळी चावी हातात घेताना मला एक प्रश्न विचारायची सवय लावली, हाही लाभच म्हणायचा.

तेव्हा माझ्या तरुण मित्रा, तुला गाडी घ्यायची असेल तर घे. पैसा नेकीचा असू दे, कर्ज झेपेल एवढेच असू दे, घरातल्या कोणाच्या तोंडचा घास त्यात जाऊ देऊ नकोस. पण घेण्याआधी एकदा शोरूममध्ये न जाता रस्त्याच्या कडेला जा. पालखी मार्गावर तासभर पायी चाल. शेजारून जाणाऱ्या गाड्यांचा वारा अंगावर घे. मग ठरव.

आणि घेतलीसच, तर बसताना उजव्या पायाकडे एकदा बघ. त्या पायाला कधीतरी कोणीतरी माउली समजून हात लावणार आहे.

॥ रामकृष्ण हरी ॥